नारळाएवढा सूर्य, नाचणीएवढी पृथ्वी आणि दीड हात जमीन

खालचीवाडी

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी या मंचावर धागा काढतोय. गाव देवगड तालुक्यात, समुद्राला लागून. नाव सांगत नाही, वाद अजून कोर्टात आहे.

वाद नेहमीचाच, गडग्याचा. वडिलांनी आणि काकांनी वाटण्या केल्या, मधे जांभ्याचा गडगा घातला. एका पावसाळ्यात तो ढासळला आणि पुन्हा रचताना दीड हात सरकला. कुणाच्या बाजूला सरकला ते तुम्ही कुठल्या घरात चहा पिताय त्यावर आहे. त्या दीड हातात एक फणस येतो. तोही बरका. कापा असता तर एक वेळ समजलं असतं. १९८८ पासून दावा चालू आहे. मूळचे दोघेही वादी-प्रतिवादी वर गेले, आता मी आणि चुलत भाऊ तारखांना जातो. एकाच एस्टीने जातो, वेगवेगळ्या बाकांवर बसून.

या खेपेला मोजणी लागली म्हणून ठाण्याहून आठ दिवस रजा टाकून आलो. आपलीही नजर असावी म्हणून बाजारातून ३० मीटरची टेप घेतली. मोजणी झाली, कागद यायचे तेव्हा येतील. टेप पडवीत पडून राहिली.

आता पुतणी. म्हणजे त्याच भावाची मुलगी, सातवीत आहे. दोन्ही घरची मोठी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, ही दोन्हीकडे जेवते. शाळेसाठी तिने सूर्यमाला केली होती. थर्माकोलचे गोळे, काड्या, रंग, सगळं छान. पण सूर्य क्रिकेटच्या चेंडूएवढा, शेजारी लिंबाएवढी पृथ्वी, आणि सगळे ग्रह वीतभर अंतरात दाटीवाटीने, पावसाळ्यात एसटीच्या शेडमध्ये उभे असल्यासारखे. माझी उभी हयात नकाशे काढण्यात गेली. प्रमाण चुकलेलं दिसलं की मला ठसका लागतो.

म्हटलं, चल, नीट करू. १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर, म्हणजे १४ सेंटीमीटर. खोपीतला एक मोठा सोललेला नारळ घेतला. आडवा मापला तर थोडा कमी भरत होता, शेंडी धरली तर बरोबर. पृथ्वी १२,७४२ किलोमीटर, म्हणजे सव्वा मिलिमीटर. नाचणीचा दाणा. तिचा चेहरा पडला. "काका, इतकी बारकी?"

ओहोटीला किनाऱ्यावर गेलो. ओल्या वाळूत नारळ ठेवला. पृथ्वी १५ मीटरवर, अर्धी टेप. पहिला दाणा वाळूत हरवला. दुसरा भेंडीच्या पानावर ठेवला, पानावर खडा ठेवला, तेव्हा कुठे पृथ्वी टिकली. चंद्र म्हणजे वाळूचा एक बारीक कण, दाण्यापासून ३.८ सेंटीमीटरवर. दोन बोटं. माणूस आजवर जास्तीत जास्त जिथवर जाऊन आला, ते ही दोन बोटं. संध्याकाळी आयेला सांगितलं तर म्हणाली, "दोन बोटां जावन इले आणि केवढो गाजावाजा!"

गुरू म्हणजे रानबोर, ७८ मीटरवर. करवंद जास्त शोभलं असतं पण हंगाम नाही. शनी जरा लहान बोर, १४३ मीटरवर. युरेनस आणि नेपच्यून मिरीचे दाणे, एक २८७ वर, दुसरा ४५० मीटरवर. टेप उचलायची, पुन्हा लावायची, वाळूत काडीने खूण करायची. नेपच्यूनपाशी पोचेतो कंबर धरली. मिरीजवळ उभं राहून मागे पाहिलं तर नारळ दिसेना. कुत्रं दिसत होतं एक, त्याच्या अलीकडे कुठेतरी सूर्य असावा.

तिने विचारलं, माणसाने पाठवलेली सगळ्यात लांबची वस्तू कुठे येईल? व्हॉयेजर १, मी जन्मलो त्या वर्षी, सप्टेंबर १९७७ मध्ये सुटलेलं. सुमारे २,५०० कोटी किलोमीटर. आपल्या मापात अडीच किलोमीटर. किनारा तिथे संपतो, पलीकडे खाडीचं मुख. सेकंदाला १७ किलोमीटर या वेगाने ते पळतंय, तरी आपल्या मापात दिवसाला साधारण १५ सेंटीमीटर. रोज एक नारळभर. गेली ४८ वर्षं.

मग तिने विचारायला नको ते विचारलं. "काका, मगे शेजारचो तारो खंय ठेवचो?"

हिशेब वाळूतच केला. दोनदा केला. प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं. आपल्या मापात ४,००० किलोमीटर. देवगडहून निघून सिंगापूर ओलांडून आणखी थोडं पुढे. तिथे ठेवायची दोन सेंटीमीटरची एक सुपारी. आणि या नारळापासून त्या सुपारीपर्यंत मधे दुसरा तारा नाही. समुद्र, डोंगर, शहरं सगळी पुसून टाका. फक्त एक नारळ, काही दाणे, आणि मग ४,००० किलोमीटर काळोख.

हे आकडे मला पाठ होते हो. कॉलेजात असल्यापासून. पण कंबर दुखेस्तोवर टेप ओढल्यावर पोटात जे काही हललं ते आकड्यांनी कधी हललं नव्हतं. घरी येताना गडग्यावरून उडी मारून आलो. फणसाकडे बघितलंसुद्धा नाही.

तुमच्यापैकी कुणाला कधी असं झालंय का?

भरतीओहोटी

वाचनखूण साठवली. आमच्याकडे केळशीला किनारा आहे, नारळ आहेत, सातवीतलं पोर नाही. शेजारचं उसनं घेतो.

हिशेबनीस

आकडे तपासले. बरोबर आहेत. एक भर घालतो.

प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. म्हणजे तुमच्या मापात सेकंदाला ३ सेंटीमीटर. मुंगीची चाल. म्हणजे नारळावरून एक मुंगी सोडा. ती १५ मीटरवरच्या नाचणीपाशी पोचायला ५०० सेकंद घेते, ८ मिनिटं २० सेकंद. सकाळी अंगणात पडलेलं ऊन तेवढं शिळं असतं. हीच मुंगी नेपच्यूनच्या मिरीपाशी चार तास दहा मिनिटांनी. व्हॉयेजरला गाठायला साडेतेवीस तासांच्या आसपास. त्याला इथून "ऐकतोस का रे" विचारलं तर "हो" यायला जवळजवळ दोन दिवस. आणि त्याचा ट्रान्समीटर फक्त २३ वॅटचा.

सिंगापूरपुढच्या सुपारीपर्यंत मुंगीला सव्वाचार वर्षं. वाटेत कुणी चिरडली नाही तर.

माजघर

मला आकड्यांचं फार कळत नाही, पण "दोन बोटां जावन इले" वाचून मोठ्याने हसले. आयेला नमस्कार सांगा.

वीसवाव

धागा चांगला आहे. पण एक बोलतो, राग नसावा.

आमचा धंदा मच्छीमारीचा. तुमचं हे भारावून जाणं किनाऱ्यावरचं आहे. मी तरुण असताना एकदा इंजिन बंद पडलं. वीस वाव खोल पाण्याच्या पलीकडे होतो, चौघे जण, आणि तेव्हा खिशात फोन नसायचे. रात्रभर वाहत होतो. वर आकाश असं की चांदण्यांत सुई टोचायला जागा नाही. आमच्यातल्या एकाने तरी "केवढं हे विश्व" म्हणावं? कुणी नाही म्हटलं. ध्रुव बघत होतो. देवगडच्या पाण्यात ध्रुव क्षितिजावर सोळा-साडेसोळा अंश. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ दहा अंशांची, म्हणजे ध्रुव दीड मूठ वर. दीड मुठीला ध्रुव ठेवून उजव्या अंगाला किनारा, एवढंच डोक्यात होतं. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणायचा, ध्रुव एका मुठीवर आला तर समज आपण पार खाली केरळच्या बाजूला गेलो. सकाळी दुसऱ्या बोटीने दोर टाकला.

चंद्राचंही तसंच. तुमच्यासाठी तो वाळूचा कण, आमच्यासाठी घड्याळ. वडील तिथीची पाऊणपट करायचे. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पुनवेला नि अवसेला बाराच्या सुमाराला, आणि ते उधाण. अष्टमी-नवमीला भांग, पाणी चढतही नाही उतरतही नाही. आयुष्यात एकदाही त्यांनी पंचांगापलीकडचं पुस्तक उघडलं नाही, आणि एकदाही बोट गाळात रुतली नाही.

वाळूचा तो कण दोन बोटं लांबून अख्खा अरबी समुद्र दिवसातून दोनदा उचलतो. त्याच्यापुढे लहान वाटायचं का त्याच्याशी जमवून घ्यायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

खालचीवाडी

वीसवाव, राग कसला. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दीड मूठ आणि दीड हात. काय बोलू.

घेरिया

अहो खगोलाचा विषय आणि देवगड तालुका, आणि विजयदुर्गाचं नाव नाही? १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण. किल्ल्यावर साहेबाचे ओटे आजही आहेत. लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्या ओट्यांवर दुर्बीण लावून हेलियम शोधला. जगातला एक मूलद्रव्याचा शोध आमच्या किल्ल्यावर लागलाय. दर वर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस होतो.

पिवळी_रेघ

घेरिया, माझंही आजोळ तिकडचं. त्यामुळे हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय.

लॉकियर १८६८ मध्ये भारतात नव्हता. ग्रहणाचा पट्टा कोकणातून विजापूर, गुंटूरकडे गेला हे खरं. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्याला इतक्या झगझगीत रेघा दिसल्या की त्या ग्रहणाशिवायही दिसतील असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्याने त्या पाहिल्याही. लॉकियरने तीच युक्ती स्वतंत्रपणे, इंग्लंडमध्ये बसून, २० ऑक्टोबर १८६८ ला साधली. त्यात एक पिवळी रेघ होती, सोडियमच्या रेघांजवळ पण त्यांच्यावर न बसणारी. पृथ्वीवर माहीत असलेल्या कुठल्याच पदार्थाची ती नव्हती. ग्रीक भाषेत सूर्य म्हणजे हेलिऑस, त्यावरून हेलियम. लोकांनी बरीच वर्षं नाकं मुरडली. १८९५ मध्ये रॅमझे या रसायनशास्त्रज्ञाने युरेनियमच्या एका खनिजातून तो वायू काढून दाखवला तेव्हा तोंडं बंद झाली.

आणि मला या गोष्टीत खरं थरारक वाटतं ते वेगळंच. विश्वातल्या साध्या द्रव्याचा वजनाने साधारण चौथा हिस्सा हेलियम आहे. हायड्रोजनखालोखाल दुसरा नंबर. इतकी मुबलक वस्तू, आणि आपल्याला ती आधी १५ कोटी किलोमीटरवर सापडली, घरात नंतर. कारण इतकी हलकी की पृथ्वीला ती धरून ठेवता येत नाही.

घेरिया

मग ओटे कशाचे?

पिवळी_रेघ

ओटे खरे आहेत, मीही त्यांवर बसून वडापाव खाल्लाय. लॉकियर तिथे नव्हता, एवढंच मी म्हणतोय.

घेरिया

बरं. पण सावली तर पडली होती ना आमच्या किल्ल्यावर. तेवढं पुरे.

(हेलियम दिवसाला मी जाणारच. भाषण करायला सांगितलं तर तुमचा प्रतिसाद वाचून दाखवेन, मग तुम्हीच या सोडवायला.)

तिरकी_नजर

ज्यांना खरोखर पोटात हलायला हवंय त्यांच्यासाठी, टेप न ओढता. डिसेंबरात अवसेच्या आसपास, रात्री आठला, जिथे दिव्याचा खांब नाही अशा जागी जा. डोळ्यांना वीस मिनिटं काळोखाची सवय होऊ द्या, या वेळात फोन काढायचा नाही. डोक्यावरून जरा पश्चिमेला भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसेल, उत्तरेला शर्मिष्ठा तारकासमूहाचा वाकडातिकडा एम. दोघांच्या मधे देवयानी. तिथे एक पुसट डाग आहे, कुणी दाराच्या काचेवर श्वास सोडल्यासारखा. थेट पाहिलं तर नाहीसा होतो. नजर किंचित बाजूला ठेवायची, डोळ्याची कड जास्त संवेदनशील असते. मग तो येतो.

तो डाग म्हणजे देवयानी दीर्घिका, आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी आकाशगंगा. २५ लाख प्रकाशवर्षं. दुर्बिणीशिवाय माणसाच्या डोळ्याला सहज दिसणारी सगळ्यात लांबची वस्तू. हा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखी माणसं नव्हती, दगड फोडून हत्यार करणारे आपले पूर्वज आफ्रिकेत होते.

आणि गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वीपर्यंत हा डाग आपल्याच आकाशगंगेतला ढग आहे असं मानणारे मोठमोठे लोक होते. हार्वर्डच्या वेधशाळेत हेन्रिएटा लेविट नावाच्या बाई काचेच्या फोटोपट्ट्यांवर ताऱ्यांची तेजस्विता मोजायचं काम करत. काही तारे ठरावीक काळाने मंद-तेजस्वी होतात. जितका तारा मुळात तेजस्वी, तितका त्याचा झोका सावकाश, हे त्यांनी १९१२ मध्ये मांडलं. म्हणजे झोका मोजला की खरं तेज कळतं, आणि खरं तेज कळलं की अंतर. हबल या खगोलशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये देवयानीत असा तारा पकडला, आणि १९२५ उजाडताच जाहीर झालं की हा डाग बाहेरचा आहे. आमची पणजी त्या वर्षी लग्न होऊन राजापुरात आली. ती माप ओलांडून घरात येत होती तेव्हा विश्व कितीतरी पटींनी मोठं झालं, आणि तिला कुणी सांगितलं नाही.

आणखी एक नाद सांगतो. प्रत्येक ताऱ्याला साल लावायचं. रोहिणी ६५ प्रकाशवर्षं, म्हणजे आज दिसणारा तिचा उजेड महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराचा. रात्री उशिरा दक्षिणेला खाली अगस्त्य उगवतो, तो ३१० च्या आसपास. त्याचा उजेड निघाला तेव्हा याच किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे होते. व्याध साडेआठ, म्हणजे अगदी घरचा, माझा धाकटा पहिलीत गेला तेव्हाचा. आकाश एका वेळचं नसतंच. जुन्या घराच्या भिंतीवरच्या फोटोंसारखं असतं, प्रत्येकाचं साल वेगळं, आणि काही फोटोंतली माणसं आता नाहीतही.

माजघर

पणजीचं वाचून थांबले. पुढचं मग सकाळी वाचलं.

सुरूचं_बन

तिरकी नजर, सगळं खरं, पण आमच्या किनाऱ्यावरून पश्चिमेचं क्षितिज बघाच एकदा. एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटी. २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली, तरी रात्री समुद्रात जत्रा भरल्यासारखा उजेड. मासेही त्या उजेडाला भुलून वर येतात आणि पिल्लांसकट जातात. पारंपरिक मच्छीमाराची दोन्हीकडून गोची, खाली मासळी नाही, वर तारे नाहीत. तौक्ते वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. पाणी ओढून हात गळाले, आंबा जमीनदोस्त, सगळं रडगाणं होतंच. पण एका रात्री पहाटे दोनला बाहेर आलो आणि आकाशगंगा अशी पडली होती की आधी मला तो धूर वाटला. चाळीशीत पहिल्यांदा पाहिली. आंब्याचं नुकसान भरून आलं असं म्हणणार नाही. नाहीच आलं.

अनंताचा_यात्री

हे सगळं आपल्या ऋषींना आधीच ठाऊक होतं. विश्वरूपदर्शनात सगळं आलंय. पाश्चात्त्यांनी आकडे लावले इतकंच. या अफाट पसाऱ्यात माणूस म्हणजे तुच्छ कीटक, हे कळलं की अहंकार गळतो आणि मग दीड हात जमिनीसाठी कोणी भांडत नाही. धागाकर्त्याने दावा मागे घ्यावा ही विनंती.

हिशेबनीस

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत एवढंच. आकडे "इतकंच" नसतात. आकडे लावायला लेविटबाईंची हयात गेली.

आणि मला हे "तुच्छ" कधीच पटलेलं नाही. लहान असणं आणि क्षुल्लक असणं यांचा संबंध कुणी जोडला? व्हेल माझ्या हजारपट वजनाचा असतो, म्हणून मी त्याच्यासमोर मान खाली घालत नाही. ४,००० किलोमीटर काळोख नुसता मोठा आहे. त्याला कशाची खबर नाही. नाचणीच्या दाण्यावर मात्र कुणीतरी टेप घेऊन उभं आहे. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांमधल्या मंडळींनी मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांच्या गुच्छांचा एक महासमूह शोधला, सरस्वती नाव दिलं. ४०० कोटी प्रकाशवर्षं लांब. तो उजेड निघाला तेव्हा पृथ्वीचं वय जेमतेम पन्नास-पंचावन्न कोटी वर्षं असेल. इतका लांबचा ढीग ओळखून त्याचं नाव ठेवणारा प्राणी लहान आहे, मान्य. क्षुल्लक कसा?

दावा मागे घ्यायचा की नाही ते कायदा आणि फणस बघून ठरवा. आकाशगंगेला त्यात साक्षीला बोलवू नका. विश्व मोठं आहे म्हणून माझी दीड हात जमीन सोडायची, तर शेजाऱ्यालाही विश्व तेवढंच मोठं आहे, त्याने का सोडू नये?

अनंताचा_यात्री

आपले संस्कार दिसले. असो.

जांभा

मधेच नाक खुपसतो, मातीतला माणूस आहे. तुमच्या गडग्याचा चिरा लाल का असतो? लोखंडाच्या गंजाने. ज्या काळ्या कातळाची झीज होऊन तो झाला, तो कातळ ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आणि त्यातलं लोखंड पृथ्वीवर तयार झालेलं नाही, सूर्य जन्मायच्या आधी फुटलेल्या ताऱ्यांतलं आहे. म्हणजे तुम्ही दोघे भाऊ १९८८ पासून मेलेल्या ताऱ्याच्या राखेचा ढीग दीड हात इकडे की तिकडे यावर भांडताय. हलकेच घ्या.

भरतीओहोटी

जांभा, +१. खालचीवाडी, एक विचारायचं राहिलं. तुमच्या मापात आपली आकाशगंगा केवढी? आमचं उसनं पोर विचारतंय. मला येईना.

खालचीवाडी

पुतणीनेही तेच विचारलं होतं. आकाशगंगेचा व्यास ढोबळ १ लाख प्रकाशवर्षं. नारळाच्या मापात साडेनऊ कोटी किलोमीटर. म्हणजे सूर्याचा नारळ करूनही आकाशगंगा खऱ्या सूर्याच्या वाटेवर दोन तृतीयांश जाते. माप मोडलं.

मग नवीन माप धरलं. शाळेत शिकलो तसा महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर. झाईपासून रेडीपर्यंत अख्खा किनारा म्हणजे आकाशगंगा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक प्रकाशवर्ष ७ मीटर २० सेंटीमीटर. आता सूर्य डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही. नेपच्यूनच्या कक्षेसकट सगळी सूर्यमाला ७ मिलिमीटर, एक चवळीचा दाणा. परवा ज्यासाठी कंबर मोडली ती अर्ध्या किलोमीटरची यात्रा त्या दाण्याच्या पोटात. आणि या ७२० किलोमीटरांत किमान दहा हजार कोटी तारे.

आपण केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर. किनाऱ्याचा मध्य हर्णैच्या आसपास धरला तर तिथून रेडीकडे निम्म्याहून जरा पुढे, अंदाजाने पूर्णगडच्या बाजूला. देवगडचा इथेही नंबर लागला नाही. देवयानी मग १८,००० किलोमीटरवर, पृथ्वीला जवळजवळ अर्धा वळसा. दिसू शकणारं सगळं विश्व या मापात जवळपास ६७ कोटी किलोमीटर, म्हणजे खरा गुरू आपल्यापासून असतो साधारण तितकं. तिथे आम्ही थांबलो.

पण एक गोष्ट जमली. या मापात चवळीपासून शेजारचा तारा किती लांब? साडेतीस मीटर. माझी टेप तीसची! म्हणजे परवा सिंगापूरच्या पुढे गेलेली सुपारी आता किनाऱ्यावर मावत होती.

काल संध्याकाळी निघालो. वारा होता, टेप एकट्याने धरली तर फडफडत होती. पुतणीचा हात पुरेना, तिला चवळी राखायची होती, तिचा दाणा कावळ्याने पळवू नये म्हणून. ती पळत गेली आणि बापाला घेऊन आली. तो लुंगीवर, हातात कोयती, माडाच्या झावळ्या तोडत होता तसाच. मला न बघता टेपेचं टोक उचललं आणि चालायला लागला. तीस मीटरवर गेला. उभा राहिला. मी इकडे चवळीपाशी.

३७ वर्षांत आमच्यात जी काही बोलणी झाली ती वकिलांमार्फत. काल तो तिकडून ओरडला, "टेप ताण रे, झोळ पडलोहा!"

ताणली.

वीसवाव

मग?

खालचीवाडी

मग काय. अर्धा मीटर कमी पडत होता तो त्याने पावलाने मोजला. माझ्या मते पाऊल जरा मोठं टाकलं. बोललो नाही. तारीख जानेवारीत आहे, दोघेही जाणार. टेप त्याच्याकडेच राहिली, मागायला गेलो नाही अजून.

माजघर

आणि सूर्य? तो नारळ कुठाय?

खालचीवाडी

आयेने फोडला. सोलकढी झाली. एक पातेली पुतणीबरोबर पलीकडे गेली.